कोरडवाहू मोटारहोम

चांदवडच्या माणसाला प्रवासाचं फारसं कौतुक नाही. मुंबई-आग्रा रस्ता गावाला खेटूनच जातो, त्यामुळे प्रवास आम्ही जन्मापासून बघतोय. फक्त तो दुसऱ्यांनी करायचा असतो. राहुड घाटातून धापा टाकत आलेले ट्रक, ढाब्याच्या हौदावर अंघोळ करणारे ड्रायव्हर, शिर्डीला निघालेल्या गुजरातच्या गाड्या, पिंपळगावकडे पळणारे टोमॅटोचे क्रेट. रेणुकामातेच्या डोंगराखाली तासभर उभं राहिलं की अर्धा हिंदुस्तान समोरून जातो. मग आपण उठून जायचं कशाला? आणि पूर्वी जे जात, त्यांची तरी सोय होती. अहिल्यादेवींनी देशभर वाटेवाटेवर धर्मशाळा बांधल्या, विहिरी-बारवा खोदल्या. आमच्या गावात होळकरांचा रंगमहाल आजही उभा आहे. मुक्कामाला छप्पर आणि प्यायला पाणी, दोन्ही वाटेवर हजर. घरच पाठीवर घेऊन हिंडायची कल्पना त्या काळात कुणी मांडली असती, तर लोकांनी त्याला आधी जेवायला घातलं असतं आणि मग वैदूकडे नेलं असतं.

ही कल्पना आमच्याकडे आली न्यू जर्सीहून. भाच्याने फोटो पाठवला. एक पांढरी लांबलचक गाडी, तिच्या पोटातून बाहेर आलेलं छत, छताखाली खुर्ची, खुर्चीत माझी बहीण आणि तिच्या हातात चहा. खाली लिहिलेलं, ‘मामा, घरच बरोबर घेऊन फिरतोय.’ आईने फोटो बराच वेळ न्याहाळला आणि विचारलं, "मग कुलूप कशाला लावलं त्यांनी?"

माझे मामा मात्र चिडले. त्यांची हयात आग्रा रोडवर ट्रक चालवण्यात गेली. केबिनमध्ये गादी, गादीच्या वर देव, सीटखाली स्टोव्ह, डब्यात पीठ, आणि पोळ्या लाटायला क्लीनर. "आम्ही जल्मभर दुसरं काय केलं मग? तव्हा नाही कोणी फोटो काढला."

पण मुलांनी हट्टच धरला. परीक्षा संपल्या होत्या, उन्हाळ कांदा चाळीत पडला होता, भाव पडलेले होतेच. घरात बसून ते वर येणार नव्हते. शिवाय सरकारचा आशीर्वाद होता. महाराष्ट्राने २०२१ मध्ये खास कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं आहे. गाड्या कुठे उभ्या करायच्या, तिथे वीज, पाणी, सांडपाण्याची सोय कशी असावी, सगळा विचार केलेला आहे. तेव्हा कोकण किनारा, वरून खाली, आठवडाभर, असं ठरलं. गाडी भाड्याने मिळाली. परदेशात म्हणे अशी गाडी घरधनी स्वतः चालवतो. आपल्याकडे मोटारहोम ड्रायव्हरसकट येतं. म्हणजे घर तुमचं, पण घरात एक अनोळखी तरुण, जो सगळ्यांना ‘सर’ म्हणतो, आईलासुद्धा. रात्री तो पुढच्या सीटवर झोपणार, मध्ये एक पडदा. एकत्र कुटुंबात वाढलेल्यांना एवढा पडदा म्हणजे चैन होती.

गाडी गल्लीत लागली आणि बघायला गल्ली लोटली. बायकांनी एकेक कप्पा उघडून पाहिला, गॅस पेटवून पाहिला, बर्थवर बसून पाहिलं. मग शेजारच्या काकूंनी एक अरुंद दार उघडलं आणि शांतता पसरली.

"संडास? आतच?"

"हो, काकू."

"आन् सैपाक?"

"तोही आतच."

"एकाच भिंतीला?"

आई तोवर ओट्याच्या फळीवर देवाचा डबा ठेवत होती. तिने डबा उचलला, भिंतीकडे पाहिलं, आणि त्या क्षणी आमच्या मोटारहोमच्या सर्वात महागड्या सोयीचं भवितव्य ठरलं. त्या दाराआड कोणी जाणार नाही. पण गोरगरिबांच्या घरात एवढी जागा मोकळी तरी कशी ठेवायची? दहा मिनिटांत मामांनी कांद्याची गोणी आणून आत उभी केली. आधी आम्ही हसलो. पण उन्हाळ कांद्याला काय लागतं? सावली, कोरडी जागा आणि खेळती हवा. तिथे एक्झॉस्टचा पंखा होता. एवढी हवेशीर कांदाचाळ अख्ख्या तालुक्यात नसेल. मामा दर दोन तासांनी दार उघडून बघत आणि समाधानाने म्हणत, "एक नाही सडला."

गाडीमालकाने निघताना फोनवर ड्रायव्हरमार्फत आम्हाला पाण्याचं प्रवचन दिलं. स्वर दिलगिरीचा होता. "टाकी शंभर लिटरचीच आहे. मुंबईचे कस्टमर पहिल्या सकाळीच संपवतात. जरा जपून वापरावं लागेल." आईने विचारलं, "शंभर लिटर? रोजचं?" तो घाबरून म्हणाला, "नाही नाही, भरेपर्यंतचं." आई म्हणाली, "मग ठीक."

इथे एक गोष्ट सांगायला हवी. मोटारहोममध्ये राहण्याचं शिक्षण जगभरातले लोक पुस्तकं वाचून, व्हिडिओ बघून घेतात. सह्याद्रीच्या पावसाच्या सावलीत जन्मलेल्याला ते बाळकडूत मिळतं. आम्ही टँकरच्या हॉर्नवर मोठे झालो. आईचा हिशोब असा: तांदूळ धुतलेलं पाणी भाजीला, भाजी धुतलेलं भांड्यांच्या पहिल्या हाताला, भांड्यांचं दुसऱ्या हाताचं पाणी पाय धुवायला, आणि पाय एका वेळी एकानेच धुवायचे नाहीत, चौघांनी मिळून एकाच झाडाच्या मुळाशी धुवायचे. तुळसही बरोबर होती, रंगाच्या डब्यात, डॅशबोर्डवर. गाडीखाली सांडपाण्याची एक वेगळी टाकी होती आणि ती भरली की दाखवणारा एक काटा. काटा आठवडाभर हलला नाही. तिसऱ्या दिवशी ड्रायव्हरने उतरून खालून नळी ठोकून पाहिली. बिचाऱ्याला वाटलं, सेन्सर गेला.

कसारा उतरलो. भिवंडीच्या आसपास ट्रॅफिक असं तुंबलं की माणसं इंजिन बंद करून रस्त्यावर उतरली. माझं मत विचाराल तर मोटारहोमचा खरा उपयोग समुद्रकिनाऱ्यावर नाही, इथे आहे. आमच्या हिने पोहे केले. पोह्यांचा वास आजूबाजूच्या गाड्यांत गेला. शेजारच्या टेम्पोवाल्याने खिडकीतून नुसतं पाहिलं. मामांनी त्याला बशी दिली, आणि त्याने गाडी पुढे सरकायची वेळ आल्यावर आम्हाला आधी घातलं.

पेण मागे टाकून अलिबागच्या रस्त्याला लागलो आणि कार्लेखिंडीच्या पुढे मामा ओरडले, "थांबव!" ड्रायव्हरने ब्रेक मारला. आतल्या गोणीतून चार कांदे दार ढकलून बाहेर आले. रस्त्याच्या कडेला बांबूच्या मांडवांत पांढरे कांदे टांगलेले होते. नुसते नाही, पातीची वेणी घालून, चांगल्या माळा करून.

अलिबागच्या पांढऱ्या कांद्याचं नाव मोठं आहे. गोडसर, कमी तिखट, कच्चा खाता येणारा. त्याला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे. तसं ते आमच्या लासलगावच्या कांद्यालाही २०१६ मध्ये मिळालं, पण आमचा कांदा ट्रॉलीतून बाजार समितीत जातो आणि तिथे व्यापारी त्याला हातात घेऊन, दाबून, वर उडवून, नाक मुरडून क्विंटलवर भाव बोलतो. इथे कांदा रस्त्यावर वेणी घालून बसलेला होता आणि मुंबईच्या गाड्या थांबून त्याला ‘किती गोड दिसतोय’ म्हणत होत्या. मामा एका मांडवापुढे उभे राहिले. मावशींनी माळेचा भाव सांगितला. मामांनी मनातल्या मनात त्याचा क्विंटल केला. त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी लिहू शकत नाही.

"मावशी, याला खत काय घालता?"

"काय नाय ओ दादा, शेणखतच."

"आन् वेणी?"

"वेणी आमी बायका घालतो."

मामा परत गाडीत आले आणि मागच्या दाराकडे पाहत म्हणाले, "आपल्या पोरींना शिकवलंच नाही कोणी." विकत कांदा घ्यायचा नाही हे त्यांचं तत्त्व होतं, ते त्यांनी पाळलं. आईने गुपचूप एक माळ घेतली आणि आरशाला टांगली. पुढचे सगळे दिवस मागची वाहनं ड्रायव्हरला कांद्याआडून दिसत होती.

मुरूड, जंजिरा, श्रीवर्धन, हरिहरेश्वर. हे सगळं लोकांनी पाहिलेलंच असतं, फोटोही सगळ्यांकडे आहेत, त्यामुळे मी थांबत नाही. किल्ला पाण्यात आहे, तो अजिंक्य राहिला, होडीवाला ही गोष्ट छान सांगतो. मला सांगायचंय ते रस्त्याबद्दल. आक्षी, नागाव, चौल, रेवदंडा या भागातला रस्ता हा रस्ता नाही, नारळी-पोफळीच्या दोन वाड्यांमधली फट आहे. दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे, वर आंब्याफणसाच्या फांद्या, त्यांच्यावर विजेच्या तारा. आमची गाडी उंचीला घराएवढी, कारण ती घरच होती. आणि अशा एका वळणावर समोरून एस.टी. आली.

एस.टी. मागे जात नाही. कुठलाही नियम असा नाही, पण महाराष्ट्रात गुरुत्वाकर्षणाइतकीच ही गोष्ट सर्वमान्य आहे. एस.टी.च्या ड्रायव्हरने इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगवर हात ठेवून तो आमच्याकडे बघत बसला. कंडक्टर खाली उतरला. पहिल्यांदा त्याने आमची गाडी पुढून पाहिली, मग बाजूने, मग खिडकीतून आतला गॅस, तुळस आणि कांद्याची माळ पाहिली.

"घर हलवताय की काय?"

"नाही, फिरायला आलोय."

"सामानासकट?"

एस.टी.तले प्रवासी उतरले. वाडीतला एक आजोबा आकडीची काठी घेऊन आला आणि त्याने फणसाची फांदी वर उचलून धरली. "मागं घ्या, मागं घ्या... हां, थांबा, फणस लागतोय... आता." आमचा ड्रायव्हर घामाघूम. एका बाजूला गडगा, दुसऱ्या बाजूला गडगा, वर फणस, मागे एक सायकलवाला, ज्याने बाजूला व्हायचं नाकारलं, कारण तो आधी आला होता. अर्ध्या तासाने कोणाच्या तरी अंगणात गाडी घुसली आणि एस.टी. गेली. अंगणवाल्या काकूंना वाटलं पाहुणे आले. आम्ही चहा घेऊनच निघालो. परतफेड म्हणून आईने दोन किलो कांदे दिले. तेव्हा मला कळलं की ती गोणी कांद्याची नव्हती, आमची तिजोरी होती.

मुक्कामाचं म्हणाल तर कॅरव्हॅनचं धोरण अजून त्या गावांपर्यंत पोचलेलं नसावं. वाळूत गाडी घालू नका, भरतीला रुतेल, असं प्रत्येक किनाऱ्यावर कोणी ना कोणी येऊन सांगत होतं, आणि ते बरोबरच होतं. मग देवळाचं भक्तनिवास, पेट्रोलपंप, मासळी जेट्टी, नाहीतर कोणाची तरी वाडी. चाकरमानी मुंबईहून यायला अजून आठवडा-दोन आठवडे होते, त्यामुळे गावंच्या गावं कुलुपात. कौलारू घरं, समोर सारवलेलं खळं, ओटीला झोपाळा, आणि दाराला कुलूप. त्या घरांच्या पुढे आम्ही एका डब्यात पाय दुमडून झोपायचो. एका गावात शेजारच्या आजींनी सकाळी किल्लीच आणून दिली. "पोरगा बोरिवलीला असतो. तुम्ही आत का नाय झोपलात?" आईने आत जाऊन झाडलोट केली, अंगणात सडा टाकला आणि किल्ली परत दिली.

खाड्यांचं वेगळंच. किनाऱ्याने जाणारा रेवस-रेड्डी सागरी मार्ग बॅरिस्टर अंतुल्यांच्या काळापासून ऐकिवात आहे, पण सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री या नद्या समुद्राला मिळताना एवढ्या पसरतात की अनेक ठिकाणी आजही गाडीसकट फेरीबोटीत चढावं लागतं. बागमांडला-वेश्वी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड. हा या प्रवासातला सर्वात सुंदर भाग, पण एका जेट्टीवर तिकिटाचा घोळ झाला. दरपत्रकात दुचाकी, कार, टेम्पो, बस, ट्रक सगळं होतं. आमचं काय?

"बस आहे का?"

"नाही, प्रवासी घेत नाही."

"मग टेम्पो?"

"माल नाही."

त्याने मागचं दार उघडलं, गोणी पाहिली. "हा माल नाय तर काय आहे?" मामा पुढे झाले. त्यांनी जन्मभर नाक्यानाक्यांवर हेच केलं होतं. "साहेब, घरात गोणी असती. ती मालात धरता का? घराला किती तिकीट आहे ते सांगा." मागे रांग वाढत होती, बोटीचा भोंगा झाला. शेवटी टेम्पोचे पैसे घेऊन त्याने आम्हाला सोडलं. आईने कठड्याला धरून खाडीकडे पाहिलं. इकडून तिकडे पाणीच पाणी. "एवढं सगळं समुद्रात जातं?" तिने विचारलं. हो म्हटल्यावर तिने जीभ टाळ्याला लावून च्च केलं, जसं ती कुणाच्या लग्नात वाया गेलेलं अन्न बघून करते.

हर्णैला संध्याकाळी मासळीचा लिलाव. होड्या आत उभ्या, बैलगाड्या पाण्यात शिरून मासळी वाळूवर आणतात, तिथे ढीग लागतात आणि पुकारा सुरू होतो. आम्ही माळकरी घर. आई आणि ही नाकाला पदर लावून गाडीत बसल्या. मामा मात्र गर्दीत शिरले. मी लिलावातलं एक अक्षर समजू शकलो नाही. मामांना दहा मिनिटांत सगळं कळलं. कोण घेणारा, कोण नुसता बघणारा, कोण कोणाला डोळा मारतोय, आणि बर्फ संपत आल्यावर भाव कसा खाली येतो. "समितीतच आलोय असं वाटतं भो," ते म्हणाले. "इथं पण बघ, विकणारा गप उभा आन् घेणारा बोलतोय." एका कोळणीशी त्यांची ओळख झाली, कांदे दिले गेले, बांगडे घेतले गेले. आईने ते गाडीत येऊ दिले नाहीत. मामांनी आपला जुना स्टोव्ह, जो त्यांनी कोणालाही न सांगता बरोबर आणला होता, तो मागच्या चाकाच्या आडोशाला पेटवला. ड्रायव्हर त्यांच्या शेजारी जाऊन बसला. आठवड्यात पहिल्यांदाच मी त्याला कोणाला ‘सर’ न म्हणता बोलताना ऐकलं.

आणि गुहागरच्या पुढे, चढावरच्या एका वाडीत, टाकी संपली. म्हणजे आईच्या हिशोबानेही संपली. विहिरीपाशी बायका उभ्या होत्या, हंडे रांगेत लावलेले. आईने पाणी मागितलं. एक बाई हसली. "पानी? अवो, आमीच टँकरची वाट बघतोय."

आईला हे खरंच वाटेना. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. आमच्याकडे त्याचा एक भाग पडला तरी पोळ्याला बैल हसतात. पण जमीन जांभ्याची, उतार समुद्राकडे; चार महिने बदाबदा येतं आणि तितक्याच घाईने निघून जातं. एप्रिल संपता संपता कातळावरच्या वाड्या कोरड्या. आई रांगेत जाऊन बसली. मग जो संवाद सुरू झाला तो मी दुरून ऐकला. टँकर किती दिवसांनी येतो, ड्रायव्हर कसा वागतो, कोणाच्या दारात आधी थांबवतो, हंडे कोणी पुढे सरकवतं, सरपंचाच्या घरी पाइप कसा आत जातो. नावं बदला, बाकी सगळं चांदवड. समुद्र खाली दिसत होता, निळाशार, आणि त्याच्याकडे कोणाचंही लक्ष नव्हतं. टँकर आला तेव्हा आईने त्यांना एक युक्ती शिकवली: पहिला हंडा भरून झाला की पाइप खाली ठेवायचा नाही, बोट लावून धरायचा. त्यांनी तिला दोन कळशा दिल्या. आम्ही तिजोरीतली बरीचशी शिल्लक तिथेच रिकामी केली. वेण्या घालता येतील का म्हणून बायकांनी कांदे उलटसुलट करून पाहिले, पात नव्हती.

पुढे गणपतीपुळे, आरे-वारेचा रस्ता, रत्नागिरी. थिबा राजवाडा पाहिला. ब्रह्मदेशच्या राजाला इंग्रजांनी १८८५ मध्ये पदच्युत केलं, पुढच्या वर्षी रत्नागिरीत आणून ठेवलं, आणि हा राजवाडा बांधून व्हायला १९१० उजाडलं. सहा वर्षांत राजा गेला. मामा म्हणाले, चोवीस वर्षं भाड्याच्या घरात म्हणजे राजाने पण आपल्यासारखंच काढलं. वेंगुर्ल्यापर्यंत जायचं होतं, पण सुट्टी संपली. आंबा घाटाने वर आलो.

निघायच्या आधी गणपतीपुळ्याच्या मुक्कामात मात्र नळाला चांगली धार होती, आणि वाहता नळ उघडा सोडून पुढे जाणं आईच्या धर्मात बसत नाही. टाकी काठोकाठ. कोल्हापूर, पुणे, नाशिक करत आम्ही घरी पोचलो तेव्हाही पाऊण टाकी शिल्लक होती.

दुसऱ्या दिवशी ड्रायव्हर गाडी न्यायला तयार झाला तर आई वाटेत उभी. तिने बाहेरच्या नळाला रबरी पाइप लावला आणि टाकीतलं पाणी दारातल्या पिंपात सोडलं. पश्चिमेकडे वाहून जाणारं पाणी पूर्वेला वळवायचं, नार-पार नद्यांचं गिरणेत आणायचं, हे आम्ही दर निवडणुकीत ऐकतो. सह्याद्री ओलांडून पाणी खरोखर चांदवडला आलेलं त्या दिवशी गल्लीने पाहिलं. शेजारच्या काकू कळशी घेऊन आल्या.

"कुठलं हे?"

"रत्नागिरीकडचं."

काकूंनी गाडीत डोकावून पाहिलं, कांद्याची जागा पाहिली, ती रिकामी होती. "अगं, मग हापूस नाही आणले?"

"आंबे काय," आई पाइप पिळत म्हणाली, "मनमाडच्या बाजारातपण मिळतात."